उघाडी

'पडीक' हा शब्द आपल्या भाषेंत फार सहजपणें वापरला जातो. जी जमीन नांगराखालीं नाहीं, जिच्यावर घर नाहीं, जिचा सारा कोणी भरीत नाहीं, ती पडीक. असें म्हणतांना आपण त्या जमिनीचें वर्णन करीत आहों अशी आपली समजूत असते. वस्तुतः आपण तिच्याशीं असलेल्या, किंबहुना नसलेल्या, आपल्या संबंधाचें वर्णन करीत असतों. समुद्राच्या कांठचीं खाजणें ह्या एका शब्दाच्या आड कित्येक पिढ्या दडून राहिलीं आहेत. भरतीला जेथें खारें पाणी चढतें व ओहोटीला जेथें नुसता चिखल उरतो, ती जागा धड जमीन नाहीं आणि धड समुद्रहि नाहीं. म्हणून ती कोणाचीच नाहीं. आणि जी कोणाचीच नाहीं ती ज्याला हवी त्यानें घ्यावी, असें तर्कशास्त्र आपल्या व्यवहारांत रूढ आहे. ह्या तर्कशास्त्रांत चूक कोठें आहे याचा विचार करण्याची पाळी गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्यावर आली, आणि ती आणणारा मनुष्य आमचाच एक जुना विद्यार्थी होता.

बुधवार पेठेंत राहणाऱ्यानें खाजणाची चिंता करावी हें प्रथमदर्शनीं थोडें विनोदी वाटेल. आमच्या खिडकींतून दिसतो तो पुस्तकांच्या दुकानांपुढचा गर्दीचा रस्ता; समुद्र तर सह्याद्रीच्या पलीकडे. आमच्या मुठेचें पाणी देखील कोंकणाकडे वळत नाहीं; तें भीमा व कृष्णा यांच्या वाटेनें पूर्वेच्या उपसागरास जाऊन मिळतें. अशा ठिकाणीं एका संध्याकाळीं हा विद्यार्थी तांदळाची एक लहानशी पिशवी घेऊन आमच्या घरीं आला. त्याचें गांव अलिबाग आणि पेण यांच्या दरम्यान धरमतरच्या खाडीलगत, ज्या मुलखास खारेपाट म्हणतात तेथें आहे. वीस वर्षांपूर्वीं त्यानें आमच्या वर्गांत नीतिशास्त्राचे पाठ घेतले होते, आणि तो प्रश्न विचारावयास आला होता तो त्याच विषयांतला.

त्याच्या आजोबांनीं कसलेली जमीन बाहेरच्या बांधाच्या आश्रयानें उभी होती. बांधाची देखभाल फार दिवसांपूर्वींच गांवकऱ्यांच्या हातून निघून गेली होती. एका उधाणाला बांध फुटला. अर्ज झाले, पाहणी झाली, आणि बांध मात्र तसाच राहिला. खाडीचें पाणी शेतांत आलें. पहिल्या वर्षीं भात जळालें, दुसऱ्या वर्षीं शेत पांढरें पडलें, आणि पुढें दोनतीन वर्षांत तेथें तिवराचीं रोपें डोकावूं लागलीं. आज तीं झाडें पुरुषभर उंच आहेत, आणि तीं तोडणें हा गुन्हा आहे. "सर," तो म्हणाला, "तीं झाडें तोडलीं तर मी कायद्याचा अपराधी, आणि राहूं दिलीं तर आजोबांचा. तुम्हीं आम्हांला कर्तव्याकर्तव्य शिकवलेंत. आतां यांत माझें कर्तव्य कोणतें तें सांगा."

आम्हीं लगेच कांहीं उत्तर दिलें नाहीं. वादाचा निवाडा करणाऱ्यानें दोन्ही पक्ष ऐकून घ्यावयाचे असतात, आणि येथील एक पक्ष तर मुका होता. म्हणून प्रथम त्याचीच बाजू मांडूं.

मिठाच्या पाण्यानें सामान्य झाड मरतें. कारण मुळाभोंवतीं मीठ अधिक झालें म्हणजे पाणी मुळांत शिरण्याऐवजीं मुळांतून बाहेर ओढलें जातें. खाजणांतील वनस्पतींनीं ह्या अडचणीवर निरनिराळे उपाय योजिले आहेत. तिवर मीठ आंत येऊं देतें व पानांवाटे बाहेर टाकतें; उन्हाच्या वेळीं त्याच्या पानावर जीभ लाविली तर खारट लागते ती यामुळें. कांदळ बरेंचसें मीठ मुळांशींच अडवितें. चिखलांत हवा नसते, म्हणून तिवर आपल्या मुळांचे पेन्सिलीएवढे शेंडे चिखलाबाहेर उभे करून त्यांतून श्वास घेतें. कांदळाचें बीं तर आईच्या फांदीवरच रुजतें. लांब शेंगेसारखें रोप तयार झालें म्हणजे तें खालीं पडतें, आणि जेथें आधार मिळेल तेथें मूळ धरतें. ज्या जागेला आपण निरुपयोगी म्हणतों, तेथें राहण्यासाठीं ह्या झाडांनीं केवढी खटपट केली आहे हें पाहिलें म्हणजे 'पडीक' हा शब्द उच्चारतांना जीभ किंचित् अडखळते.

ह्या खटपटीचें फळ तीं झाडें एकटीं भोगीत नाहींत. त्यांच्या मुळांच्या जाळ्यांत नदीनें आणलेला गाळ अडकतो आणि किनारा हळूहळू वर येतो. त्यांचीं गळलेलीं पानें चिखलांत कुजतात, खेंकडे व बारीक जीव त्यांवर जगतात, आणि त्या जिवांवर मासे जगतात. कोळंबी, बोय, निवटी आणि खारेपाटांतल्या माणसाला ज्याचा विशेष अभिमान तो जिताडा, यांचें बालपण ह्याच आश्रयाला जातें. वादळाच्या वेळीं लाटेचा जोर प्रथम तिवरांच्या रांगेवर आपटून मोडतो, मग कांठावर येतो. शिवाय अलीकडच्या शास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे कीं, हवेंतील कार्बन घेऊन तो चिखलांत दीर्घ काळ पुरून ठेवण्यांत ह्या वनांची बरोबरी करणारीं वनें थोडीं आहेत. मुका पक्ष एवढें बोलूं शकतो.

आतां दुसरा पक्ष. कोंकणांत खाजणाची शेती करणारे लोक लुटारू होते असें कोणी समजूं नये. खाडीच्या कांठीं माती, दगड व झाडोरा घालून बांध उभारावयाचा. पाऊस पडूं द्यावयाचा. त्या गोड्या पाण्यानें मातींतलें मीठ धुवून काढावयाचें. आणि कांहीं वर्षांनीं खारें भात लावावयाचें, हें काम एकट्याचें नव्हे व एका पिढीचेंहि नव्हे. राता नांवाचें तांबड्या दाण्याचें भात ह्या खारट मातींतहि तग धरी. गोमंतकांत हीच विद्या गांवकऱ्यांच्या संस्थांनीं शतकानुशतकें सांभाळली. तेथें बांधांतील दाराला मानस म्हणतात, आणि आमच्याकडे उघाडी. उघाडीची रचना फार साधी आहे. बांधाच्या पोटांत एक मार्ग ठेवितात व त्याला वरून टांगलेलें लांकडी दार बसवितात. भरतीचें पाणी चढूं लागलें कीं त्याच्याच दाबानें दार मिटतें. ओहोटी लागली कीं आंतलें पावसाचें पाणी दार ढकलून बाहेर जातें. जो समुद्र अडवावयाचा, त्याच्याच हातून दार लावून घ्यावयाचें, असा हा प्रकार आहे.

परंतु दार आपोआप मिटत असलें तरी तें आपोआप टिकत नाहीं. खेंकडे बांध पोखरतात, लांकूड कुजतें, उधाण माती नेतें. म्हणून खारेपाटांत सर्व शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन आपल्या श्रमानें बांध राखण्याची जोळ नांवाची पद्धति होती. एकाच्या शेतासमोर पडलेलें छिद्र हें सगळ्यांच्या ताटांतलें छिद्र, हें तेथें कोणास शिकवावें लागत नसे. कुलाबा जिल्ह्यांतील जुन्या शिलोत्री वहिवाटींतहि हीच जाणीव दिसते: बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी ज्याच्याकडे, त्याला कसणाऱ्यांकडून त्याबद्दल धान्याचा हक्क मिळे. हक्क होता, पण तो राखणीच्या कामाला बांधलेला होता.

येथें आमच्या तरुणपणीं वाचलेल्या एका ग्रंथकाराची आठवण होते. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यानें सतराव्या शतकाच्या अखेरीस असा सिद्धांत मांडला कीं, मनुष्य ज्या वस्तूंत आपले श्रम मिसळतो ती त्याची होते. मात्र इतरांस पुरेसें व तितकेंच चांगलें उरलें पाहिजे. ज्या भूमींत कोणाचे श्रम मिसळलेले नाहींत ती त्याच्या मतें वायां गेलेली. आमच्याकडे इंग्रजी अमदानींत जमीनमहसुलाची जी व्यवस्था झाली, तिच्या कागदांतून ही दृष्टि आमच्याहि अंगवळणी पडली. हा सिद्धांत कांहीं अगदींच टाकाऊ नाहीं. खारेपाटांतच त्याची एक मोठी कसोटी झाली. १९३३ सालीं चरी व आसपासच्या गांवांतील कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं खोतांच्या जमिनी कसण्याचें नाकारलें, आणि हा संप १९३९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षें, चालला. घरांत धान्य नाहीं, समोर शेत उभें आहे, आणि तरीहि नांगर धरावयाचा नाहीं! डॉक्टर आंबेडकरांनीं ह्या लढ्यास पाठिंबा दिला व १९३७ सालीं मुंबईच्या विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. पुढें १९४८ सालीं कूळकायदा आला. जो राबतो त्याची जमीन, हें तत्त्व त्या कुळांनीं पुस्तकांत वाचून नव्हे, तर उपास काढून सिद्ध केलें. आमच्या विद्यार्थ्याच्या आजोबांचें शेत ह्याच लढ्यांतून त्यांचें झालें होतें. तें शेत सोडणें त्याला जिवावर येतें, यांत नवल नाहीं.

तथापि चरीच्या लढ्यांत पक्षकार दोनच होते: खोत आणि कूळ. समुद्र त्या खटल्यांत आला नव्हता. लॉकच्या सिद्धांतांतली उणीव येथें दिसूं लागते. पहिली उणीव अशी कीं, श्रम एकदां मिसळले म्हणजे स्वामित्व कायमचें मिळालें, अशी त्याची मांडणी वाटते. डोंगराळ जमिनीवर हें कदाचित् खपून जाईल. खाजणांत खपत नाहीं. तेथें समुद्र दिवसांतून दोन वेळां येऊन श्रमांचा हिशेब मागतो, आणि ज्या दिवशीं हिशेब चुकला त्या दिवशीं जमीन परत घेतो. दुसरी उणीव अधिक खोल आहे. ज्या गाळांत भात पिकलें तो गाळ कोणी अडविला होता? बांध घालणारा येण्यापूर्वीं किती तरी वर्षें तेथें तिवरें उभीं होतीं, व त्यांच्याच मुळांनीं ती माती सांठविली होती. श्रमांचा मान राखावयाचा तर तो फक्त माणसाच्याच श्रमांचा कां? झाडाला हेतु नसतो, म्हणून त्याचा हक्क नसतो, असें नीतिशास्त्र सांगेल. ठीक, हक्क नसेल. परंतु ज्यानें दिलें त्याला हक्क नसला तरी ज्यानें घेतलें त्याच्यावर ऋण असूं शकतें. आपल्या पूर्वजांनीं गृहस्थाच्या नित्यकर्मांत भूतयज्ञ घातला तो प्राण्यांनीं मागणी केली म्हणून नव्हे. घेणाऱ्याची शुद्धि देण्यानें होते म्हणून. सृष्टीच्या चक्रांतून घ्यावयाचें व त्यांत कांहींच घालावयाचें नाहीं, ह्याला गीतेच्या तिसऱ्या अध्यायानें चोरी ठरविलें आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या काळांत खाजणासंबंधीं आपण दोन कायदेशीर गोष्टी केल्या, व दोन्हीं चांगल्या हेतूनें केल्या. बांध राखण्याचें काम शेतकऱ्यांस झेपत नाहीं असें पाहून सरकारनें तें आपल्या अंगावर घेतलें. महाराष्ट्रांत खारभूमि विकासाचा कायदा १९७९ सालीं झाला. ओझें उतरलें, पण ओझ्याबरोबर संवयहि उतरली. जोळ मोडली, आणि गांवच्या बांधाकडे पाहण्याची गांवची नजर गेली. दुसरी गोष्ट अलीकडची. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि मिठी नदीच्या कांठच्या दलदलींवर केवढी नगरी उभी केली आहे हें सर्वांना दिसून आलें. त्याच वर्षीं मुंबई उच्च न्यायालयानें राज्यभर तिवरांच्या तोडीस मनाई केली, आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालांत असें ठरविलें कीं, जमीन कोणाच्याहि मालकीची असो, त्यांवरील कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावर आघात आहे. सरकारी वनसर्वेक्षणांत महाराष्ट्रांतील कांदळवनाचें क्षेत्र २००५ सालीं १८६ चौरस किलोमीटर होतें. २०२१ सालीं तें ३२४ भरलें. मोजण्याचीं साधनें सुधारलीं हें खरें, आणि वनें वांचलीं हेंहि खरें. पण ज्या शेतांचे बांध फुटले तेथें उगवलेलीं झाडेंहि ह्याच मोजणींत आहेत, आणि आमच्या विद्यार्थ्याच्या शेतांतलीं त्यांपैकींच.

हा निकाल वाचून पुण्यामुंबईंतील आमच्यासारख्या सुशिक्षितांस आनंद झाला होता. आम्हांस स्वतःस झाला होता. परंतु त्या संध्याकाळीं आमच्या मनांत एक अप्रिय शंका आली. मुंबई स्वतः सात बेटांच्या मधल्या खाड्या बुजवून झालेली आहे. आम्ही पुण्यांत जो परदेशचा माल वापरतों, तो १९८९ सालीं उरणजवळच्या खाजणांच्या मुलखांत उभ्या राहिलेल्या बंदरांतून घाटावर येतो. शहरांनीं आपल्या वांट्याचें खाजण खाऊन टाकलें, आणि मग खाजण राखण्याचा धर्म उरलासुरला शेतकरी पाळील अशी व्यवस्था केली. ज्या सद्गुणाचा सगळा खर्च दुसऱ्यानें सोसावयाचा, त्याला सद्गुण म्हणावें काय? आम्हांला तसें म्हणवत नाहीं. एकादशीचा उपास आपण धरावा आणि फराळ मात्र शेजाऱ्याच्या घरचा बंद करावा, तसेंच हें झालें.

पण म्हणून त्यानें झाडें तोडावीं असें निघतें काय? येथें आम्ही बराच वेळ घुटमळलों. अन्यायाच्या रागानें तोडलेलें झाड अन्याय करणाऱ्यावर पडत नाहीं. तें पडतें त्याच गांवच्या कोळ्याच्या जाळ्यावर आणि शेजारच्या, अद्याप शाबूत असलेल्या, बांधावर. कारण बांधाबाहेरची तिवरांची रांग गेली कीं लाट सरळ बांधावर येते. वन आणि बांध हे वैरी आहेत ही समजूतच मुळीं अलीकडची व कागदावरची आहे. जोंपर्यंत बांध राखला जात होता तोंपर्यंत आंत भात व बाहेर तिवर अशी दोघांची वांटणी निभावत होती. ती वांटणी एकदां रेघ आखून झालेली नव्हती. ती रोज भरतीओहोटीला उघाडीपाशीं नव्यानें होत असे. मर्यादा ह्या शब्दाचा अर्थ आपण भिंत असा करूं लागलों, तेथें आपली चूक झाली. भिंत बांधून मनुष्य निघून जाऊं शकतो. दारापाशीं कोणी तरी असावें लागतें.

म्हणून आम्हीं त्याला आमचें मत सांगितलें तें असें. जेथें समुद्र परत आला आणि वन उभें राहिलें, तेथें झाडें राहूं दे. आजोबांचा द्रोह त्यांत नाहीं, कारण आजोबांचें स्वामित्व बांध राखण्यानें होतें, आणि बांध तूं सोडला नाहींस, तो तुझ्या हातून काढून घेतला गेला. परंतु त्या वनानें ज्यांचें रक्षण होतें, त्या सर्वांनीं तुझ्या बुडालेल्या भाताची भरपाई देणें हा उपकार नव्हे, तें ऋण आहे. तें मागण्यांत तुला संकोच नसावा आणि देण्यांत आम्हांला. आणि जेथें बांध अजून उभा आहे, तेथें तो सर्वांनीं मिळून राखावा. ज्यांना राखावयाचा आहे त्यांच्या हातीं तो परत यावा. केवळ पैशानें हें ऋण फिटणार नाहीं, कारण जें मोडलें तें केवळ मातीचें नव्हतें.

त्यानें शांतपणें ऐकून घेतलें. "सर, पटतं," तो म्हणाला, "पण इथं बसून पटतं. तिथं गेल्यावर पुन्हा शेत दिसेल." ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि त्यानेंहि तें मागितलें नाहीं. जातांना तांदळाची पिशवी मात्र तो आग्रहानें ठेवून गेला. तो भात आम्ही दुसऱ्या दिवशीं जेवलों. त्याच्या भावकींतल्या, बांध न फुटलेल्या एका शेतांतला तो होता.

पंधरा दिवसांपूर्वीं त्याचें पत्र आलें. गांवांतील दहाबारा घरांनीं मिळून त्या उरलेल्या बांधाची डागडुजी स्वतःच करण्याचें ठरविलें आहे. उघाडीचें दार कुजलें आहे, तें नवें बसवावयाचें आहे. झाडांना हात लावावयाचा नाहीं असेंहि बैठकींत ठरलें. त्यावर दोघांनीं भांडण केलें व ते उठून गेले, हेंहि त्यानें प्रामाणिकपणें लिहिलें आहे. शेवटीं एक ओळ होती: ऋण शहराचेंहि आहे असें तुम्हीं म्हणालां होतां, तर शहरांतून कोणी येणार आहे काय?

पत्र आम्हीं घरांत सर्वांस वाचून दाखविलें. आमचें वय पन्नाशीच्या पुढें गेलें आहे, कमरेचें दुखणें जुनें आहे, आणि मातीची पाटी आम्हीं जन्मांत कधीं उचललेली नाहीं. दाराच्या लांकडाचा आमचा वांटा आम्हीं मनिऑर्डरीनें पाठवावा अशी एक सूचना घरांतून आली. ती सोयीची होती, आणि म्हणूनच ती आम्हांस पुरेशी वाटली नाहीं. वांटा तर पाठविलाच आहे. त्याशिवाय येत्या अमावास्येच्या उधाणापूर्वीं आम्ही दोन दिवस येतों, असें त्याला कळविलें आहे.